कामावर गेलं की बरं वाटतं

जामसिंग पावरा होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराला घरी आला तेव्हा त्याला जांभया येत होत्या. चौफेर ढोल वाजत होते. एकाच रंगाचे घागरे नेसलेल्या पोरी हातात हात घालून फिरत होत्या. आणि हा शेव-जिलेबीच्या दुकानाच्या बल्लीला टेकून जांभईवर जांभई देत उभा. जांभई आली की डोळ्यांतून पाणी यायचं, मग नाकातून. त्याच्या बायकोने, बुधीबाईने, पदराने त्याचं नाक पुसलं आणि ती हसली.

"एवढा रडतोस कशाला? आलास ना घरी."

संध्याकाळपर्यंत हसण्यासारखं काही उरलं नाही. मार्चच्या उन्हातही त्याच्या अंगावर काटा उठला होता आणि पोटात पिळा पडत होता. पिंढऱ्या आतून कुणी दोरीने ओढाव्यात तशा ओढत होत्या. खाटेवर पडला की पाय आपोआप झाडले जायचे, उठून बसला की बसवायचं नाही, चालायला लागला की पुन्हा आडवं व्हावंसं वाटायचं. होळी पेटली, सगळं गाव नाचत होतं, आणि जामसिंग झोपडीमागे वाकून ओकत होता.

आशाताईने बोट टोचून मलेरिया तपासला. निघाला नाही. मग गावच्या भगताला, बडव्याला, बोलावलं. त्याने दाणे टाकले, नदीकाठचं काहीतरी लागलंय म्हणाला, कोंबडी कापली. जामसिंगला त्या कोंबडीचा वासही सहन झाला नाही. सुट्टी संपायच्या आधीच तो उठला, बोराडीहून शिरपूर आणि शिरपूरहून धुळे अशी एसटी धरून निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज एकदम मोकळा.

"मी बरा झालो."

"इतक्यात? काय औषध घेतलंस?"

"काहीच नाही. कामावर आलं की बरं वाटतं मला."

हे वाक्य बुधीबाईला आवडलं नाही. पण नवरा बरा झाला होता.

जामसिंगचं काम धुळ्याच्या बाहेर, हायवेपासून आत असलेल्या एका छोट्या कारखान्यात होतं. आधी तो ऊसतोडीला गुजरातेत जायचा. गावची जमीन पावसावरची, वर्षाकाठी एकच पीक देणारी. मोहाची फुलं आणि तेंदूची पानं संपली की बाहेर पडावंच लागायचं. कारखान्याचा मुकादम ज्ञानेश्वर त्याला शिरपूरच्या बसस्टँडवर भेटला होता. सावलीतलं काम आणि पक्की हजेरी. जामसिंगला ते ऊसतोडीपेक्षा कितीतरी बरं वाटलं.

त्याला सुकवणीच्या खोलीत लावलं. ओला माल भट्टीतून वाळून ताटात यायचा, तो खरवडून काढायचा, चाळणीतून चाळायचा, पिशव्यांत भरायचा. पांढरी, मऊ, मैद्यासारखी भुकटी. खोलीला पंखा नव्हता, कारण पंख्याने माल उडतो. खिडकी बंद. नाकाला बांधायला घरचा रुमाल. मालक पियुष शेठ तिशीतला माणूस होता, रसायनशास्त्र शिकून आलेला, कामगारांशी कधी चढ्या आवाजात न बोलणारा. दुखण्यावरच्या औषधाचा माल आहे, परदेशात जातो, एवढं त्याने सांगितलं होतं. पिशव्यांवर औषधाचं नाव नसायचं. नुसता आकडा असायचा.

पहिल्या आठवड्यात जामसिंगला मळमळलं, गरगरलं. मग ते गेलं आणि दुसरंच काही आलं. खोलीत शिरून थोडा वेळ झाला की ऊसतोडीत धरलेली कंबर सुटायची. छातीत ऊब यायची, जशी थंडीत शेकोटीजवळ बसल्यावर येते. गावची काळजी, बहिणीचं लग्न, आटलेली विहीर, सगळं आपल्या जागी असायचं पण टोचायचं नाही. नाक खाजायचं. शौचाला दोन-दोन दिवस व्हायचं नाही. एवढं तर चालायचंच. काम चांगलं मिळालं म्हणून मन शांत झालंय, असंच तो समजत होता. म्हणून त्याने बुधीबाईच्या थोरल्या भावालाही बोलावून घेतलं. वना त्याचं नाव, दोन पोरांचा बाप, अंगाने दणकट. त्याला बाहेरच्या आवारात ड्रम चढवण्या-उतरवण्याचं काम मिळालं.

बहिणीच्या लग्नाला जामसिंग पुन्हा गावी आला, तेव्हा त्याने एक गोष्ट केली जी त्याची त्यालाच नीट सांगता आली नसती. कामावरचा शर्ट न धुता, गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला. घरी पोचल्यावर जांभया सुरू झाल्या की तो झोपडीत जायचा, शर्टात तोंड खुपसून बसायचा आणि बाहेर यायचा तो बरा होऊन. वरात निघाली तेव्हा तो नाचलाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीत हात घातला तर शर्ट नव्हता.

"माझा शर्ट कुठाय?"

"नदीवर नेला. किती मळला होता. भुकटी नुसती बसली होती शिवणीत. खूप घासला."

जामसिंगने तिच्या हातातली बादली हिसकावून फेकली. ओला शर्ट उचलला, नाकाला लावला. साबणाचा वास. पाहुण्यांनी भरलेल्या अंगणात तो बायकोवर ओरडला, इतका की म्हातारे उठून मध्ये आले. बुधीबाईने आजवर त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. तिला उलट बोलायचं होतं, पण तिलाच कसंतरी होत होतं. नदीवरून आल्यापासून डोकं जड झालं होतं. ती भिंतीला धरून खाली बसली, ओकली, आणि भर लग्नघरात, भांड्यांच्या गोंगाटात, झोपून गेली. हलवलं की डोळे उघडायची, "काय" म्हणायची, पुन्हा मिटायची.

तिच्या उशाशी बसून जामसिंगच्या ध्यानात आलं. ही झोप त्याच्या ओळखीची होती. सुरुवातीच्या दिवसांत त्यालाही अशीच यायची.

दुपार कलता कलता ती शुद्धीवर आली. उन्हात काम केल्याने झालं असेल, असं सगळे म्हणाले. जामसिंगही तेच म्हणाला. आणि पाय झाडत, कुडकुडत, एसटी धरून धुळ्याला परत गेला.

त्याने ज्ञानेश्वरला विचारलं. ज्ञानेश्वर धुळे तालुक्यातला, अहिराणी बोलणारा, वाईट माणूस नव्हता. पोरांच्या औषधपाण्याला कामगारांना मदत करायचा.

"भाऊ, ही भुकटी अंगात जाते का?"

"दुखणानी दवाई शे ती. थोडी लागी जास. बठ्ठासले लागस," सगळ्यांनाच लागते अशा सुरात ज्ञानेश्वर म्हणाला. मग जरा थांबून, "तू सुट्टी लेऊ नको. सुट्टी नई लिधी का काही व्हत नई."

जामसिंगने सुट्टी घेणं बंद केलं. बुधीबाईचे फोन यायचे, तो पुढच्या महिन्यात येतो म्हणायचा. रविवारी कारखाना बंद असे. त्या दिवशी तो धुळ्यात पांझरेच्या पुलावरून इकडून तिकडे चालत राहायचा, कारण बसवत नसे. चहा घ्यायचा, अर्धा टाकायचा. एकदा त्याने ठरवलं की सगळं वनाला सांगावं. दोघं मिळून काम सोडू, कापसाच्या जिनिंगवर धरणगावला जाऊ. सोमवारी सकाळी खोलीत शिरल्यावर ते ठरवणं विरघळून गेलं.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा काही दिवस माल बंद होता. मग पियुष शेठ स्वतः गाडीतून नवा माल घेऊन आला. पिंप लहान, आकडा नवा.

"जुना तिकडच्या सरकारनी बंद करा," ज्ञानेश्वर म्हणाला. "शेठनी त्यामां थोडं बदली टाकं. त्याच मालना धाकला भाऊ समज. नाव नवं, म्हनीसन कायदाले वळखू येत नई."

"आणि जोर?"

"जोर जास्त शे, म्हने शेठ. म्हनीसन पिंप धाकलं."

खोलीत जामसिंगच्या जोडीला असलेला माणूस आजारी पडून गावी गेला होता. ज्ञानेश्वरने वनाला आत घेतलं. वना खूश झाला. बाहेर पावसात ड्रम लोटण्यापेक्षा आत बसून चाळणं बरं, आणि हजेरीही जास्त. जामसिंग दारात उभा राहिला. आत जाऊ नको, एवढे तीन शब्द होते. ते त्याच्या तोंडाशी आले. पण मग वनाने का म्हणून विचारलं असतं, आणि त्या 'का'चं उत्तर दिलं असतं तर खोलीच बंद झाली असती.

"फडकं घट्ट बांध," तो एवढंच म्हणाला.

वनाने बांधलं. दोघं आत गेले. चाळणी हलू लागली, भुकटीचा धुरळा खोलीभर पसरला. जामसिंगला नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त ऊब आली. त्याने भिंतीला हात टेकला. वना काहीतरी बोलत होता, त्याच्या धाकट्या पोराच्या शाळेबद्दल. मग त्याचं बोलणं लांबत गेलं. मग तो पिशव्यांवर टेकला आणि घोरू लागला.

"वना, उठ. शेठ येईल."

घोरणं चमत्कारिक होतं. एक घोर, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक. जामसिंगने त्याचं फडकं खाली ओढलं. ओठ जांभळासारखे निळे पडले होते.

त्याने वनाला काखेत धरून बाहेर ओढत आणलं आणि चिखलात आडवं केलं. बाहेर ऊन-पाऊस होता. ज्ञानेश्वर धावत आला, त्याने शेठला फोन लावला. शेठ म्हणाला, थांबा, मी ओळखीच्या डॉक्टरला पाठवतो. जामसिंगने ज्ञानेश्वरच्या हातातला फोन ओढला.

"थांबायला हा श्वास घेतोय का?" तो फोनवर ओरडला, मग ज्ञानेश्वरकडे वळला. "गाडी काढ, भाऊ. गाडी काढ!"

मालाच्या छोट्या टेम्पोत घालून त्यांनी वनाला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत जामसिंग त्याची छाती चोळत होता, गालावर चापट्या मारत होता. प्रत्येक खड्ड्यावर त्याला वाटे, हा श्वास शेवटचा. ज्ञानेश्वरचा चेहरा घामाने भिजला होता.

"डॉक्टरले सांगजो, छातीमां दुखनं अन् पडना. पावडरनं नाव काढू नको. माले बी लेकरं शेत, जामसिंग."

तातडीच्या कक्षात डॉक्टर हेमलता होत्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलता बोलता हात चालवणाऱ्या. त्यांनी वनाच्या नाकातोंडावर रबरी पिशवी बसवून श्वास द्यायला सुरुवात केली, दुसऱ्या हाताने पापणी उघडली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी.

"हा काय घेतो? गोळ्या? सुई?"

"काही नई मॅडम. छातीत दुखलं अन् पडला," ज्ञानेश्वर म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं. ते शिरेत गेलं आणि थोड्याच वेळात वनाने पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास ओढला. डोळे उघडले. जामसिंगकडे पाहून म्हणाला, "पाणी." जामसिंग खाली बसला. त्याला रडू आवरेना.

"चला, बरा व्हयना," ज्ञानेश्वर म्हणाला. "मॅडम, आम्ही घेऊन जातो याला."

"कुठेही जायचं नाही."

त्यांनी अडवलं ते बरंच झालं. नर्स सलाईन लावून वळली, तोवर वनाची मान पुन्हा कलंडली. पुन्हा तेच घोरणं. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा पिशवी. डॉक्टर हेमलतांनी जामसिंगला खांद्याला धरून उभं केलं.

"ऐक. अफूच्या जातीचं काहीतरी याच्या अंगात आहे. साध्या अफूला, गोळ्यांना एक इंजेक्शन पुष्कळ होतं. हा परत बुडतोय. म्हणजे फार जबर काहीतरी आहे. मला कळलं नाही तर मी याला थोड्या वेळाने वॉर्डात पाठवीन, आणि हा तिथे झोपेत मरेल. काय आहे ते सांग."

ज्ञानेश्वर मागे उभा होता. जामसिंगला त्याची नजर पाठीवर जाणवत होती. पण त्याला अडवत होती ती ज्ञानेश्वरची नजर नव्हती. सांगितलं तर खोली बंद होईल, हे मनात यायच्या आधी त्याच्या पायांना कळलं. पिंढऱ्या ओढल्या. तोंडाला पाणी सुटलं. बायकोचा भाऊ समोर मरतोय आणि अंगाला आठवण येतेय ती भुकटीची. त्याला स्वतःची अशी किळस आली की त्या किळसेनेच त्याचं तोंड उघडलं.

त्याने सगळं सांगितलं. खोली, चाळणी, आकडे, नवा माल, धाकला भाऊ. ज्ञानेश्वर मध्येच निघून गेला.

डॉक्टर हेमलता ऐकता ऐकता फोन लावत होत्या, इंजेक्शनं मागवत होत्या. वनाचे कपडे हळूच कापून, न झटकता, पिशवीत बंद करायला सांगत होत्या. मग त्यांनी टॉर्च जामसिंगच्या डोळ्यांत मारली.

"तूही त्याच खोलीत होतास?"

"हो."

"किती महिन्यांपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"म्हणून तू उभा आहेस," त्या म्हणाल्या. "तुझ्या अंगाला सवय लागलीय. त्याला नव्हती."

"मी कधी नशा केली नाही, मॅडम. दारूसुद्धा सणालाच."

"माहीत आहे. तू केली नाहीस, ती तुला चढवली गेली." त्यांनी टॉर्च बंद केली. "सरकारं एका औषधावर बंदी आणतात, हे लोक त्यात जरा फरक करून दुसरं बनवतात. कोणीतरी मरेपर्यंत ते कुणाला ओळखू येत नाही. कपडे काढ. तूही इथेच राहायचंस."

बुधीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. भाऊ यंत्राला लावलेला होता. नवरा पलीकडच्या खाटेवर पाय झाडत, घामाने थबथबलेला. तिने दोघांकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडून भुकटीचं सगळं ऐकून जामसिंगच्या खाटेजवळ आली.

"माझ्या अंगात तेच गेलं होतं? लग्नात?"

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि दादाला आत जाऊ दिलंस."

त्याने मान हलवली. तिने त्याला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती जाऊन भावाजवळ बसली आणि पाठ फिरवून बसली.

पोलीस आले. जामसिंगने जबाब दिला. शेठ वकिलाला घेऊन आला, तेव्हाही त्याचा आवाज चढला नाही. "साहेब, हे रसायन देशातल्या कुठल्याही बंदीच्या यादीत नाही," तो फौजदाराला म्हणाला. "ते बनवणं गुन्हाच नाही. अपघात झाला, वाईट वाटतं. उपचाराचा खर्च मी करतो."

"यादीत नाही म्हणून त्याचा श्वास चालू राहिला का?" डॉक्टर हेमलता म्हणाल्या. फौजदाराने दोघांचं लिहून घेतलं.

कारखान्याला सील लागलं. नमुने तपासणीला गेले आणि बरेच दिवस तिथेच राहिले. निष्काळजीपणाची केस उभी राहिली, अमली पदार्थांची उभी राहते की नाही यावर वकील भांडत राहिले. पियुष शेठला जामीन मिळाला. वना वाचला. पण तो बराच वेळ श्वासावाचून राहिला होता. बोलताना त्याला शब्द शोधावा लागायचा, उजव्या हातातून वस्तू निसटायच्या. बुधीबाई त्याला घेऊन माहेरी गेली. जामसिंगला तिने बोलावलं नाही.

जामसिंगला जिभेखाली ठेवायची गोळी सुरू झाली. ती घ्यायला त्याला धुळ्याला यावं लागे. पहिले दिवस त्याने दात आवळून काढले. पुढचे दिवस जास्त कठीण होते, कारण दुखत काहीच नव्हतं, नुसतं काहीतरी कमी होतं. ढोल ऐकला तरी, भाकरी खाल्ली तरी, सगळ्यावर एक पातळ राख पसरल्यासारखं वाटे. डॉक्टर म्हणाल्या, "याला वेळ लागतो. मन परत यायला शरीरापेक्षा जास्त लागतो." तो सासरच्या गावी जाऊन वनाच्या शेतात निंदणी करून यायचा. बुधीबाई त्याला भाकरी वाढायची, बोलायची नाही. एकदा वनाच तिला म्हणाला, अडखळत, "याने... मला... ओढलं." ती म्हणाली, "आत कोणी पाठवलं ते पण सांग." पण त्या दिवसानंतर ती जामसिंगशी थोडं बोलायला लागली.

थंडीत जामसिंग आणि बुधीबाई सावद्याला केळीच्या कामाला गेले. बागेतून घड काढायचे, खांद्यावर वाहायचे, फण्या सुट्या करून पाण्यात धुवायच्या, पेट्यांत भरायच्या. चिकाने कपडे काळे व्हायचे. तिथे एका दुपारी, गाडी भरायची चालू असताना, जामसिंगचा फोन वाजला. नवा नंबर. आवाज ज्ञानेश्वरचा.

"कसा शे? ऐक, नवी जागा शे. सुरतकडे. तुले काम येस, तुनं नाव शेठनी लिधं. आते मास्क देतस, बठ्ठं शे."

जामसिंगला जांभई आली. मग दुसरी. डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या महिन्यांनी, नुसत्या आवाजाने. केळीच्या बागेत उभ्याउभ्या त्याच्या पिंढऱ्या त्या खोलीच्या दिशेने ओढू लागल्या.

"इचार करीसन सांग," ज्ञानेश्वर म्हणाला आणि फोन ठेवला.

बुधीबाई पेटीत कागद लावत होती. तो तिच्याजवळ गेला. दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"ज्ञानेश्वरचा फोन होता. कारखाना परत काढलाय त्यांनी. मला बोलावतात."

तिचे हात थांबले. "मग?"

"माझ्या अंगाला जायचंय," तो म्हणाला. "मला नाही जायचं. पण अंगाला जायचंय. म्हणून तुला सांगतोय."

बुधीबाईने हात लुगड्याला पुसून पुढे केला. "फोन दे."

तिने डॉक्टर हेमलतांना फोन लावला. ज्ञानेश्वरचा नंबर सांगितला, सुरतकडे म्हणाला तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, मी पोलिसांना कळवते, आणि जामसिंगला उद्याच इकडे पाठव, गोळीचं पाहू. त्या नंबराचं पुढे काय झालं, सुरतकडे कोणी गेलं का, त्या खोलीत आता कोण चाळत बसलंय, हे त्या दोघांना कधीच कळलं नाही.

फोन तिने स्वतःच्या कमरेला खोचला. गाडीवाला ओरडत होता, माल तापतोय म्हणून. जामसिंगने घड उचलला. पाय अजून ओढत होते. तो चालू लागला, आणि बुधीबाई पेटी घेऊन त्याच्या बाजूने चालत राहिली.